बोटीवर आलेली तिथी

जानेवारी आला की आमच्या अंगणातलं गवत वाळक्या गव्हाच्या रंगाचं होतं. मेलेलं नसतं ते. अमेरिकेत, अल्फारेटाला आम्ही नवीन राहायला आलो तेव्हा मी रोज संध्याकाळी त्याला पाणी घालायची, आणि माधव खिडकीतून सांगायचा, "अगं, झोपलंय ते. एप्रिलपर्यंत उठवू नकोस." शेजारच्यांच्या कुंपणापाशी कॅमेलिया मात्र याच दिवसांत फुलते, भर थंडीत, कुणी सांगितलेलं नसताना. बर्फाची नुसती कुणकुण लागली की दुकानातले ब्रेड आणि दूध संपतात, शाळा बंद होतात, आणि बर्फ बहुधा पडतच नाही. टपालाच्या पेटीत क्रूझची रंगीत पत्रकं यायला लागतात. पांढरं जहाज, डोळ्यांत खुपेल इतकं निळं पाणी, हातानं टोपी धरून हसणारी बाई. पत्रकावर नाव अजून माधवचंच असतं.

या वर्षीही आली. मी ती लगेच टाकून देत नाही. चहा होईपर्यंत ओट्यावर ठेवते, बंदरांची नावं वाचते, जमैका, ग्रँड केमन, कोझुमेल, आणि पायांखालची फरशी किंचित डावीकडे कलते. त्या सफरीवरून परतल्यावर कितीतरी दिवस मला जमीन हलल्यासारखी वाटायची. भाजी चिरताना ओट्याला टेकून उभी राहायची. डॉक्टर म्हणाली होती, काही जणांना होतं असं, शरीराला अजून आपण बोटीवरच आहोत असं वाटत राहतं, जाईल हळूहळू. गेलंही. पण जानेवारीत थोडंसं परत येतं. डॉक्टरला हे सांगितलेलं नाही. सांगितलं तर ती विचारेल की त्या सफरीत नक्की काय झालं होतं, आणि मला ते नीट सांगता येणार नाही. म्हणून इथं लिहून बघते आहे.

माधव गेला तोही जानेवारीच होता. सफर त्याच्या पुढच्या जानेवारीतली. मधलं वर्ष मी लायब्ररीत जात राहिले. गावच्या सार्वजनिक वाचनालयात माझं काम, लोकांनी परत केलेली पुस्तकं तपासून पुन्हा कपाटांकडे पाठवायची. काम चांगलं आहे, बोलावं लागत नाही. घरी सण झाले नाहीत. वर्षाच्या आत सण करायचे नसतात एवढं ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर त्याचा आधार होता. दिवाळीत मैत्रिणी फराळाचे डबे घेऊन आल्या, जरा वेळ बसल्या, रांगोळीबद्दल कुणी काही बोललं नाही. काय करायचं नाही हे ठरलेलं असलं की दिवस जातो. काय करायचं ते मात्र कुणी सांगत नव्हतं.

ते ईशानं ठरवलं. ईशा आमची मुलगी, जन्म इथलाच, नोकरीला तिकडे पश्चिम किनाऱ्यावर, बॉथेलला. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत आली आणि लॅपटॉप माझ्या ताटाशेजारी उघडून बसली.

"आई, यू हॅव टु गेट आउट ऑफ धिस हाऊस. आपण क्रूझ घेऊ. सात दिवस, मायामीहून. आणि बाबांची डेट यायच्या आधी आपण परत येतो, आय चेक्ड. त्या दिवशी आपण घरीच असू."

तिनं ते मुद्दाम तपासलं होतं. वर्षभर ती बाबांबद्दल एक अक्षर बोलली नव्हती, फोनवर विषय निघाला की माझ्या ब्लडप्रेशरच्या गोळ्यांवर यायची. तरी हे तपासलं होतं. मी हो म्हणाले.

नागपूरला कुसुमवन्सं असतात. माधवची थोरली बहीण, जन्मभर शाळेत गणित शिकवलं. रीतीभातीचं काही अडलं की त्यांनाच फोन. मी घाबरतच सांगितलं.

"जा की. क्रूझ म्हणजे काही सण नव्हे," वन्सं म्हणाल्या. "पोरगी नेते म्हणते तर जावं. थांब, कधी म्हणालीस?" पंचांगाची पानं उलटल्याचा आवाज आला. "अगं बाई. तिथी मधेच येते की."

ईशानं वर्ष मोजलं होतं तारखेनं. वन्सं मोजत होत्या तिथीनं, आणि तिथीचं वर्ष लहान असतं. आम्ही घरी असायला हवं त्या दिवशी आम्ही कुठल्यातरी बेटापाशी असणार होतो. त्यातही नागपुरात ती तिथी गुरुवारी धरत होते आणि अमेरिकेच्या पंचांगात ती बुधवारी येत होती. बुकिंग बदलता येत नव्हतं.

"वर्षश्राद्ध इथं होईल," वन्सं म्हणाल्या. "धाकटा भाऊ करेल सगळं, गुरुजी येतील. तू तिकडे निदान पान वाढ. कावळ्यासाठी ठेव. एवढं तरी व्हायला हवं बाप्पा. त्याचं वर्ष नीट पुरं व्हायला हवं."

मी ईशाला हे समजावलं तेव्हा ती आधी रागावली, मग तिचा चेहरा पडला. मग म्हणाली, "पण आई, गणपती आपण नेहमी शनिवारीच करायचो ना? संक्रांत सॅटरडेला, दिवाळी सॅटरडेला. देन व्हाय कान्ट बाबा बी ऑन सॅटरडे?"

हे तिला शिकवलं कुणी? माधवनंच. इथल्या मराठी मंडळाचे कार्यक्रम तोच ठरवायचा. शाळेचं कॅफेटेरिया मिळेल त्या शनिवारी सण. "इथं सगळ्या तिथ्या शनिवारीच येतात," म्हणायचा, आणि पाहुण्यांना हसवायचा. स्वतःच्या वडिलांचं पान त्यानं कायम शनिवारी वाढलं. ऑफिस असायचं ना. मीच खीर करायची, आणि मला त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. मग त्याच्याच बाबतीत बुधवार की गुरुवार हा प्रश्न माझ्या छातीवर का बसला होता?

बोट म्हणजे गाव. मायामीच्या धक्क्यावरून आत शिरलो तर केबिनांच्या दारांवर फुगे, झिरमिळ्या. कुणाची पन्नाशी, कुणाचा हनीमून, कुणी नुकतेच रिटायर झालेले. वर्षाच्या आत सण नाही म्हणून मी घरात साधा पाटही मांडला नव्हता, आणि आता एका तरंगत्या सणाच्या पोटात आमची खोली होती. मी पुस्तक उघडून गॅलरीत बसले. पहिलं पान वाचलं. पाणी बघितलं. पुन्हा पहिलं पान वाचलं.

पहिल्या रात्री जेवणाच्या टेबलावर उंच, हसरा हेड वेटर आला आणि दोन्ही हात जोडून म्हणाला, "सो लेडीज, व्हॉट आर वुई सेलिब्रेटिंग?"

तो सगळ्यांनाच विचारत होता. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं.

"माय डॅड," ईशा म्हणाली.

"वंडरफुल!" तो म्हणाला आणि गेला.

जेवण संपता संपता दिवे थोडे मंद झाले आणि पाच-सहा वेटर टाळ्या वाजवत आमच्याकडे आले. पुढच्याच्या हातात केक, त्यावर एक मेणबत्ती. गाणं झालं. आजूबाजूची टेबलंही गायली. मग हेड वेटर इकडेतिकडे बघत म्हणाला, "अँड व्हेअर इज डॅड?"

मागे उभ्या असलेल्या एका वेटरचं माझ्याकडे लक्ष गेलं. त्याच्या टाळ्या थांबल्या. ईशानं वाकून मेणबत्तीवर फुंकर घातली. सगळ्यांना बरं वाटलं, ते गेले.

"आई," ती हळूच म्हणाली, "हे खाल्लेलं चालतं का? लाइक, धिस इयर?"

"माहीत नाही गं."

तिनं खाल्ला. शेवटचा तुकडा माझ्या बशीत ठेवला. मीही खाल्ला. केक चांगला होता, हे आठवतं.

टाळ्या थांबवणारा दुसऱ्या दिवशी नाश्त्याला आमच्याच बाजूला होता. छातीवरच्या पट्टीवर परब, खाली इंडिया. सावंतवाडीचा निघाला. कॉफी ओतता ओतता म्हणाला, "मावशी, कालचं मनात घेऊ नका. आम्हाला वाटलं, काका केबिनमध्ये झोपलेत."

"असू दे. तुम्हाला कसं कळणार?"

"माझे वडील गेले तेव्हा मी असाच बोटीवर होतो. कळलं तेव्हा घरी बारावं होऊन गेलेलं."

"मग काय केलंत तुम्ही?"

"काय करणार? डबल ड्युटी लागली होती, ती केली." पलीकडच्या टेबलावरून कुणी हात वर केला. "येस मॅडम, राइट अवे," म्हणत तो वळला. त्याचा तो आवाज वेगळाच होता, चकचकीत.

मंगळवारी जमैका. फालमथ नावाचं बंदर. धक्क्यावरची दुकानं ओलांडून गावात गेलो तर ऊन ओळखीचं होतं, धुळीचा वासही. बाजारात एक बाई हिरव्या पालेभाजीच्या जुड्या घेऊन बसली होती आणि ती भाजी सरळसरळ माठ होती. मी देठ मोडून बघितला.

"कॅललू," ती म्हणाली.

"माठ," मी म्हणाले.

"कॅललू, डार्लिंग," तिनं मला समजावलं, जसं लहान मुलाला समजावतात. मी मान हलवली. अल्फारेटात ज्या भाजीसाठी भारतीय दुकानात शनिवारची वाट बघायची, ती इथं दुसऱ्याच नावानं रस्त्यावर बसली होती.

दुपारी एका छोट्या बसनं डोंगराकडे गेलो. गाइड झाडं दाखवत होता. एका मोठ्या गर्द झाडाशी बस हळू करून म्हणाला, "बॉम्बे मँगो!" सगळे प्रवासी झाडाकडे न बघता आमच्याकडे बघायला लागले, जणू आम्हीच ते लावलं होतं. ते कुणी आणलं, कुठल्या बोटीतून, त्यालाही सांगता येईना. मी धीर करून विचारलं, इथं कावळे असतात का? त्यानं लगेच वर बोट दाखवलं. "जॉन क्रो! प्लेंटी!" डोंगरावर काळे, रुंद पंखांचे पक्षी गोल फिरत होते. गिधाडं होती ती.

ईशा खिडकीत तोंड लपवून हसायला लागली. "आई, डू नॉट टेल आत्या. प्लीज. तिला हार्ट अटॅक येईल."

मीही हसले. मग वाटलं, उद्या बुधवार.

माझं ठरलं होतं, असं निदान मला वाटत होतं. आपण अमेरिकेत राहतो, तर अमेरिकेचा बुधवार. ग्रँड केमनला उतरायचं, एखादं शांत झाड बघायचं, पान मांडायचं. परबला सांगून मी सकाळी साधा भात आणि दही मागवलं. त्यानं झाकून आणून दिलं आणि म्हणाला, "मावशी, पण हे बाहेर नेता येणार नाही हं. बोटीवरचं अन्न बेटावर उतरवू देत नाहीत, पिशव्या बघतात."

हे मला माहीत नव्हतं. कावळे बेटावर, भात बोटीवर. काय करावं याचा विचार करत होते, तेवढ्यात कॅप्टनचा आवाज आला. केमनला मोठी बोट धक्क्याला लागत नाही, छोट्या होड्यांतून माणसं उतरवतात. आज लाटा फार आहेत. थांबता येणार नाही. सॉरी फोक्स.

लिफ्टमध्ये एक गोरी बाई, गळ्यात पोहण्याचा चष्मा, माझ्याकडे बघून म्हणाली, "सो इट्स जस्ट नॉट हॅपनिंग?" मी म्हणाले, "आय डोन्ट नो." आम्ही दोघी एकाच बंदराबद्दल बोलत होतो. बेट समोर दिसत होतं. घरं, झाडं, एक पिवळी बस वळणावरून जाताना. बोट वळली, ते बाजूला गेलं, मग मागे.

मी ताट गॅलरीत मांडलं. भात, वर दही, तीळ नव्हते. वाऱ्यानं रुमाल उडाला. फार उंचावरून एक लांब पंखांचा समुद्रपक्षी आमच्याबरोबर जात होता, एकदाही खाली बघितलं नाही त्यानं. मी वाचत बसले, म्हणजे पुस्तक धरून बसले. आमच्याकडे पान मांडून कावळा आला नाही की माणसं गेलेल्याला कबूल करायला लागतात, तुझं हे करू, ते करू. त्याची इच्छा राहिलेली असते, ती सांगितली की कावळा शिवतो, असं म्हणतात. मी माधवची इच्छा आठवू लागले. नागपुरात सगळे म्हणाले असते, ईशाचं लग्न. पण त्याला तसली घाई नव्हती. पुस्तकं? घर? आजारपणात एकदा तो म्हणाला होता, ताजा उसाचा रस प्यावासा वाटतो. ती काय इच्छा म्हणायची? इतकी वर्षं एका घरात, एका टेबलावर, आणि या माणसाला शेवटी काय हवं होतं ते मला सांगता येईना. कावळा नव्हताच, पण असता तरी मी त्याला काय सांगणार होते?

संध्याकाळी जेवून परतलो तर खोली आवरणारा येऊन गेला होता. ताट उचललेलं. ते लोक टॉवेलांच्या घड्या घालून प्राणी करतात, तसं एक माकड छताच्या हुकाला टांगलं होतं. माकडाच्या नाकावर माधवचा चष्मा. मी तो का आणला होता कुणास ठाऊक, टेबलावर पडला होता. ईशा हसली आणि हसता हसता थांबली.

"ही वुड हॅव लव्ह्ड इट," ती म्हणाली. त्याला काय आवडायचं यावर ती वर्षात पहिल्यांदा बोलली.

आम्ही ते माकड काढलं नाही.

गुरुवारी कोझुमेल. बेटावरच्या घड्याळांवर विसंबू नका म्हणत होते. माइकवरून पुन्हा पुन्हा सांगत होते की बोटीची वेळ पाळा, नाहीतर बोट निघून जाईल. ईशा फोनमध्ये बघून म्हणाली, "आई, नागपूरचा थर्सडे ऑलमोस्ट संपला. आपला आत्ता सुरू होतोय. इट स्टिल काउंट्स, राइट?" तिला आता माझ्याहून जास्त काळजी लागली होती. मी म्हणाले, हो. कशाच्या आधारावर म्हणाले ते विचारू नये.

बंदरालगतचा झगमगाट मागे टाकून आतल्या रस्त्यानं चालत गेलो. एक छोटी खानावळ होती, चार टेबलं, भिंतीला निळा रंग. शाळेत शिकलेलं स्पॅनिश जुळवून ईशानं पांढरा भात मागितला. बाईनं मान हलवली. पांढरा नव्हता. लाल होता, टोमॅटोत शिजवलेला, वर मटार. आणि काळ्या घेवड्याची उसळ. बाईनं विचारलं, कुणासाठी, पेशंट आहे का?

"पारा मी पापा," ईशा म्हणाली. बाईनं भरपूर घातला.

समुद्राच्या कडेला एक बुटका कठडा होता, शेजारी एक झाड. मी कागदी ताट ठेवायला जागा बघत होते. ईशा कठड्यावर बसली, ताट मांडीवर घेतलं आणि चमच्यानं एकेक मटार बाजूला काढायला लागली. पुलाव असो, उपमा असो, माधव मटार वेचून ताटाच्या कडेला लावून ठेवायचा, आणि मी चिडायची.

"बाबा मटार खात नाहीत," ती म्हणाली, वर न बघता.

तिच्या नाकावरून पाणी ओघळत होतं आणि ती मटार वेचत होती. मी तिच्याजवळ बसले. ताट कठड्यावर ठेवलं, हात जोडले आणि म्हणायला लागले, "माधव, तुझं," आणि पुढे काय म्हणायचं ते शोधत होते, तेवढ्यात झाडातून पक्षी उतरले. एक नव्हे, झुंडच. काळेभोर, चकाकणारे, कावळ्याहून सडपातळ, लांब शेपटीचे, डोळे पिवळे. वाट बघणं, मान वाकडी करणं, काही नाही. सरळ ताटात.

"ए! थांब ना!" ईशा ओरडली. "आई अजून बोलतेय!"

थांबले नाहीत. मिनिटभरात भात संपला. मग बाजूला काढलेले मटारही खाल्ले. ताट उलटं झालं. आम्ही दोघी बघतच राहिलो.

"आई, हे कावळे आहेत का?" तिनं फोन काढला, फोटो काढला, शोधलं. "ग्रॅकल. इट्स नॉट इव्हन द सेम फॅमिली."

"बरं."

"सो डझ इट काउंट?"

त्याची इच्छा पुरी झाली होती म्हणून ते लगेच आले, की काही इच्छा विचारूच नका म्हणून? की फक्त भुकेले पक्षी होते, प्रवाशांनी लाडावलेले? जी वाट बघायला मी वर्षभर मनाची तयारी करत होते, ती बघायलाच मिळाली नाही. रडायला येत होतं आणि हसूही. ईशाच्या हाताला टोमॅटोचा लाल रंग लागला होता, तो मी ओढणीनं पुसला.

फोन वाजला तो तिथंच, कठड्यावर. वन्सं होत्या. नागपुरात रात्रीची जेवणं झाली असतील.

"झालं का गं तुझं?"

"झालं. तुमच्याकडे?"

"सगळं झालं. गुरुजी वेळेवर आले. पण शिवला नाही."

"काय?"

"कावळा शिवला नाही गं. गच्चीवर पान ठेवलं, सगळे बसलो. ऊन डोक्यावर आलं. समोर टाकीवर बसले होते दोन, पण खाली येईनात. धाकटा म्हणाला, ईशाचं लग्न नीट करू. मी म्हटलं, तुझी पुस्तकं सांभाळू. तुझ्या बायकोला एकटं पडू देणार नाही म्हटलं. सगळं सगळं म्हणून झालं. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा केला आणि शिववला." त्यांचा शिकवायचा खणखणीत आवाज बारीक झाला होता. "तिकडे शिवला का?"

"वन्सं, इथं कावळे नाहीत. दुसरे पक्षी आले."

"कसले?"

"काळे. लांब शेपटीचे."

"काळे होते ना?"

"हो."

"थांबावं लागलं का?"

"नाही. मी काही बोलायच्या आतच आले."

पलीकडे पंखा फिरत असल्याचा आवाज येत होता. जानेवारीत पंखा कशाला, असं उगाच मनात आलं. कदाचित तो पंखा नसेलही, वन्संचा श्वास असेल.

"मग त्याला इकडचं काही नको होतं," वन्सं म्हणाल्या. "तिकडचाच झाला तो."

मला म्हणायचं होतं की तसं नाही. म्हणायचं होतं की ते कावळे नव्हतेच, पिवळ्या डोळ्यांचे कुठले तरी पक्षी, त्यांना काय कळतं. पण तसं म्हटलं तर माझ्या हातात तरी काय राहत होतं? आणि तसं म्हटलं नाही तर त्यांच्या हातात? त्याच पुन्हा बोलल्या, नेहमीच्या आवाजात.

"असो. आता वर्ष संपलं तुझं. एक नवी साडी घे, माझ्याकडून म्हणून घे. येत्या सणाला गोडधोड कर."

"आणि तुमचं, वन्सं?"

"माझं काय?"

"तुमचं वर्ष."

"मला कुठलं वर्ष?" त्या म्हणाल्या. "मी बहीण. लग्न झालेली. मला तीन दिवसांचं सुतक, ते तेव्हाच फिटलं. माझ्यावर काही नव्हतंच."

समोर आमची बोट उभी होती, त्या गावापेक्षा उंच. ईशा म्हणाली, "व्हॉट डिड आत्या से?" मी उलटं झालेलं ताट उचललं. "म्हणाली, साडी घे," मी म्हटलं.

या जानेवारीत तिथी आली तेव्हा मीच फोन केला. इकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ होती, जेवणाची भांडी ओट्यावर पडलेली. तिकडे सकाळ. धाकट्या भावजींनी श्राद्ध पुढच्या रविवारी ठेवलं होतं, त्यांनाही आता ऑफिसातून सुटी मिळत नाही. मला वाटलं होतं, वन्सं रागावल्या असतील.

"मी गच्चीवर आहे," त्या म्हणाल्या. धाप लागली होती. त्यांचे गुडघे गेले आहेत, जिना चढायला डॉक्टरांनी मनाई केली आहे. "पान वाढून आणलं. गरम गरम भात."

"एकट्याच?"

"मग काय, मिरवणूक आणू? हे काही श्राद्ध नाही. मला कुणी सांगितलेलं नाही. आपली बसलेय."

मी खुर्ची ओढून बसले. जमीन थोडी हलली.

"आहे का कुणी?" मी विचारलं.

"आहे एक. समोरच्या तारेवर. बघतोय." मग अगदी हळू, जणू त्याला ऐकू जाऊ नये म्हणून, "काय म्हणू गं त्याला? मागे सगळं म्हणून झालंय."

मला सांगता आलं असतं तर बरं झालं असतं. मी त्यांच्यापेक्षा जास्त वर्षं त्याच्याबरोबर राहिले होते.

"काही म्हणू नका," मी म्हणाले. "मटार घातलेत का भातात?"

"मटार? छे. लहानपणापासून खात नाही तो."

"मग झालं."

त्यांनी फोन बंद केला नाही, मीही नाही. तिकडे कुठल्यातरी घरात कुकरची शिट्टी झाली. कुणीतरी बादली ओढत नेली. वन्संचा श्वास ऐकू येत होता, अजून धाप होती त्याला. इकडे माझ्या खिडकीबाहेर अंधार पडला होता आणि मी त्यांच्या उजेडातल्या तारेकडे कान देऊन बसले होते.